बीट लेखक आणि बुद्ध: सगळेच वळले होते का?

पाथर्डीफाटा_वाचक: रविवारी पांडवलेणी (नाशिकची बौद्ध लेणी) चढलो. दहाव्या लेण्याच्या ओसरीत बसून घाम पुसताना डोक्यात आलं, 1950 च्या दशकातल्या त्या बंडखोर अमेरिकन बीट लेखकांना बुद्ध कुठून भेटला असेल? आणि नको म्हणणारा कुणी होता का? (पायऱ्या वाढल्यात की वय, ते सोडा.)

जुना_नाशिककर: बहुतेकांना पुस्तकांतूनच. त्यांच्यातल्या जॅक केरुआकने 1950 च्या दशकात सूत्रं वाचून काढली, पण लहानपणचा कॅथलिक येशू त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. कवी गॅरी स्नायडर मात्र 1956 ला थेट जपानला गेला, झेन (तिथला बौद्ध ध्यानपंथ) शिकायला.

न जुमानणारा म्हणजे विल्यम बरोज, त्यांच्यातलाच कादंबरीकार. 1975 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटला ध्यानाच्या एकांतवासाला निघाला, तर तिबेटी बौद्ध गुरू त्रुंग्पा म्हणाले, टाइपरायटर आणू नकोस; सुतार हत्यारं घेऊन येतो तसं होईल ते. टाइपरायटर मागे राहिला, पण पठ्ठ्याने तिथेही स्वप्नं नि नोंदी लिहून काढल्याच! ज्ञानप्राप्तीपेक्षा त्याला लेखन मोठं. मला तो त्यामुळेच आवडतो.

येवलेकर: आपल्याकडचा बुद्ध वेगळा, भाऊ. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी आमच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, 1956 ला दीक्षा. इथे तो माणूसपणाचा सवाल होता. तरी दलित पँथर संघटनेमध्ये वाद झालाच: राजा ढाले बुद्ध-आंबेडकर सोडेनात, नामदेव ढसाळ मार्क्सकडे झुकले. 1974 ला फूट.

पाथर्डीफाटा_वाचक: हे डोक्यातच नव्हतं. पुढच्या रविवारी येवला.