आवडता अमेरिकन अध्यक्ष कोण, आणि का?

फोंडेकरीण: लेकीला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय. मी केनेडी सुचवला, तर बाबांनी कपबशी बाजूला सारली. "1961 च्या डिसेंबरात त्याच्याच संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतानं, स्टीव्हन्सननं, सुरक्षा परिषदेत गोव्यावरून आपल्याला झोडपलं. रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून निभावलं!"

म्हापसेकर: बाबांचं खरंय. आयझेनहॉवरही नको हं. 1955 साली त्याचा परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालचीच री ओढत होता.

सत्तरीकर: माझा लिंकन. शाळा मोजून वर्षभर, तरी वकील झाला. 1863 चं गेटिसबर्गचं भाषण जेमतेम तीन मिनिटांचं. लेकीला म्हणून दाखवूनही वेळ उरेल.

फोंडेकरीण: बाबांना विचारलं. म्हणाले, "लिंकन चालेल. तो गोव्याबद्दल काही बोलला नाही."