बुरशीची निवडक्षमता आणि लिमोनीनचा विषारीपणा

संत्र्या-लिंबाच्या सालीतील तेलात असणाऱ्या लिमोनीनपासून टर्पिनिऑल हे सुगंधी द्रव्य मिळवण्यासाठी आम्लाची रासायनिक प्रक्रिया पुरेशी आहे, बुरशीची गरज नाही, हा चर्चेत मांडला गेलेला मुद्दा खर्चापुरता मला मान्य आहे. परंतु आम्लामुळे अनेक संयुगांचे मिश्रण हाती येते, तर लिंबूवर्गीय फळांवर हिरवी बुरशी म्हणून वाढणारी पेनिसिलियम डिजिटॅटम लिमोनीनच्या उजव्या प्रतिरूपापासून (रेणूच्या, आरशातील प्रतिमेसारख्या, डाव्या-उजव्या जोडीतील एका रूपापासून) मुख्यत्वे अल्फा-टर्पिनिऑलचेही उजवेच प्रतिरूप तयार करते, आणि सुगंधी द्रव्यांच्या बाबतीत ही निवडक्षमता फार मोलाची आहे.

खरी अडचण, जी चर्चेत अद्याप आलेली नाही, ती निराळी आहे: लिमोनीन पाण्यात जेमतेम विरघळते, सहज उडून जाते आणि बुरशीच्या पेशीपटलालाच इजा करते. त्यामुळे ते थोडे थोडे घालावे लागते, किंवा बुरशीला न बाधणाऱ्या सेंद्रिय द्रावकाच्या थरातून हळूहळू पुरवावे लागते.