मराठवाड्याच्या अंगणातील मॉर्निंग ग्लोरी : आपापले अनुभव

मॉर्निंग ग्लोरीविषयी मिळणारी बरीचशी माहिती थंड हवेच्या प्रदेशांना धरून लिहिलेली असते. काळी जमीन, बोअरचे जड पाणी आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा असलेल्या आपल्या भागात ही वेल कशी जोपासली, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे, ही विनंती.

लातूर :
आमच्याकडे मृगाचा चांगला पाऊस झाल्यावरच बी लावतात. बियांचे कवच टणक असते, म्हणून ते पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि सकाळी टम्म फुगलेले बी अर्धा इंच खोल, थेट कायमच्या जागी लावावे. मुळे दुखावलेली या वेलीला सोसत नाहीत. उगवताना पहिली दोन दले आपट्याच्या पानांसारखी दुभंगलेली दिसतात, त्यामुळे तणातून रोप चटकन ओळखता येते. काळ्या मातीत पाणी साचते; निम्मी वाळू आणि मुरूम मिसळल्यावर आमच्या वेली निरोगी राहिल्या.

परभणी :
श्रावणात वेल छतापर्यंत जाते आणि फूल मात्र एकही नसते, तेव्हा अनेक जण घाईने युरिया घालतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की तसे करू नये, कारण नत्राने पालाच वाढतो. काळादाणा, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणारी निळी मॉर्निंग ग्लोरी, ही रात्र मोठी होऊ लागल्यावर कळ्या धरणारी वेल आहे; या गुणामुळेच जपानमध्ये फुलोऱ्याच्या अभ्यासासाठी तिच्यावर पुष्कळ प्रयोग झाले. आमच्या कुंपणावर गल्लीतील दिव्याचा थेट उजेड पडणाऱ्या बाजूला कळ्या उशिरा येतात आणि अंधाऱ्या बाजूला नवरात्राच्या सुमारास बहर असतो. ढगाळ दिवशी फुले दुपारपर्यंत टिकतात, एरवी ऊन चढताच मिटतात.

शेजारी म्हणतात की बोअरच्या पाण्याने फुले निळी होतात. ‘हेवनली ब्लू’ जातीत तरी कारण पाकळीतच असते : कळीतील पेशीरसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सुमारे ६.६ असतो, तो उमलताना ७.७ पर्यंत चढतो आणि जांभळट कळीचे फूल आकाशी होते. पहाटे कळीचा पीळ सुटताना हा बदल डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो.

छत्रपती संभाजीनगर :
पश्चिमेच्या गॅलरीत आम्ही मॉर्निंग ग्लोरीच्याच कुळातील गणेशवेल लावली. तिची पाने पिसासारखी बारीक असल्याने सावली विरळ पडते, पण लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात. उन्हाळ्यात लाल कोळी (पानांवरची बारीक कीड) लागतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारल्यास तो आटोक्यात राहतो.

जालना :
आमचे घर शेताला लागून आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने नोंदवतो. बोंडे वाळून तडकण्यापूर्वीच काढून घ्यावीत, अन्यथा बी सोयाबीनमध्ये पडून पुढच्या पावसात झाडांना विळखा घालते आणि खुरपताना पीक मोडते. काळादाण्याचे बी तीव्र रेचक असल्यामुळे ते डबीत बंद करून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. उपटलेल्या वेलीही शेळ्यांपुढे टाकू नयेत.