मदत हवी आहे: आईच्या ‘का?’ला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. सहा महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून आईचं एकच, “देवाने असं का केलं?”

ईश्वराच्या देखरेखीला ज्यू परंपरेत ‘हशगाखा’ म्हणतात. १२व्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ रामबाम म्हणतात, प्राण्यांत ती फक्त संपूर्ण प्रजातीवर असते, एकेका प्राण्यावर नाही. माणसांत एकेकावर, तीही ज्याच्या त्याच्या ज्ञानाप्रमाणे. हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे संस्थापक बाल शेम तोव यांच्या मते तिच्याशिवाय झाडाचं पानही हलत नाही. हे आईला सांगायचा मला धीर होत नाही.

रब्बी (ज्यू धर्मगुरू) सोलोवेचिक यांनी १९५६च्या भाषणात ‘का’ऐवजी ‘आता मी काय करू’ असं विचारायला सांगितलं. मला ते मनापासून पटतं. पण ७५ वर्षांच्या आईला हे मराठीत, तिचं दुःख न दुखावता, कसं सांगू? कुणी घरात असं बोलला आहात का? सुरुवात कुठून केलीत?