फौंड्रीची काळी वाळू स्लॅबात चालते काय?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूरजवळ गावात घर बांधालोय, जुन्या खोलीचा स्लॅब फोडून त्याच जागी. वाळूचा दर ऐकून घाम फुटलाय. आमचे मेस्त्री म्हणतात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं फौंड्रीची, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याची, टाकाऊ वाळू फुकट मिळते, नुसतं ट्रॅक्टरचं भाडं, निम्मी ती घालू आणि सिमेंटात साखर कारखान्याची राख मिसळू. टाकाऊ माल कामी आला तर मला आनंदच आहे, पण त्या स्लॅबखाली पोरंबाळं झोपणार, म्हणून विचारालोय.

मोल्डिंगवाला: दादा, माझं आयुष्य त्याच वाळूत गेलंय. ती काळी का, तर साचा धरून राहावा म्हणून तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. तीच माती काँक्रीटात पाणी पिते, मग मेस्त्री वरनं अजून पाणी ओतणार आणि ताकद गेली. शिवाय ढिगात कोअरची (साच्याच्या आतल्या पोकळीच्या गाभ्याची) रेझिन म्हणजे चिकट रसायन लावलेली वाळू, लोखंडाचे बारके तुकडे, सगळं एकत्रच पडलेलं असतंय. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घाला, हलवून रात्रभर ठेवा, सकाळी वाळूवर मातीचा गाळ किती बसला ते बघा.

साइट इंजिनिअर: मेस्त्रींचा विचार वाईट नाही, जागा चुकली. राख हवीच तर पीपीसी (राख मिसळलेलं तयार सिमेंट) घ्या, त्यात फ्लाय अॅश, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राची बारीक राख, १५ ते ३५ टक्के कारखान्यातच मोजून घातलेली असते. साखर कारखान्याच्या बॉयलरची चिपाडाची राख काळी दिसली म्हणजे त्यात न जळलेला कोळसा आहे, तीपण पाणी पिते. सिमेंट भिजलं की चुना सुटतो, राखेतली सिलिका त्याला धरून नवा चिकटा करते, पण हे काम सावकाश चालतं, म्हणून पीपीसीला निदान १० दिवस पाणी मारायचंच, ७ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) कमी आला तर घाबरू नका, २८ दिवसांचा बघा. आणि ते जुन्या स्लॅबचं डबर, म्हणजे फोडलेले तुकडे, टाकू नका ओ! आयएस ३८३ (वाळू-खडीचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत अशी फोडलेली खडी एम २५ (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळीच्या काँक्रीटात, २० टक्के चालते, एम १५ च्या खालच्या काँक्रीटात १०० टक्के. गिलावा, माती, सळी काढून चाळून घ्या आणि फरशीखालच्या पीसीसीत, म्हणजे बिनसळीच्या काँक्रीटात, वापरा.

खानापूरकर: बाटली ठेवली होती. सकाळी तळाला वाळू, तिच्यावर बोटभर काळा गाळ आणि पाणी अजून गढूळच. मेस्त्रींना हातात दिली, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले स्लॅबाला एम सँडच (दगड फोडून केलेली वाळू) आणू. डबर फोडायला उद्या दोन माणसं सांगितलीत.