मोनेचं ‘ला एव्हचं टोक, ओहोटीच्या वेळी’ (१८६५): प्रत करताना आकाश मळतंय

कोरा_कॅनव्हास:
फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या वरच्या चित्राची तैलरंगात प्रत करतेय. कॅनव्हास ६० × ४० सेंमी, एका बैठकीत, ओल्यावर ओलं (खालचा थर वाळू न देता). ढगांच्या खालच्या कडा आणि किनाऱ्यावरची ओली खडी, दोन्हीकडे तोच मातकट करडा येतो. टायटॅनियम व्हाइट (पांढरा), अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) वापरलेत. चुकतंय कुठे?

जवसतेल:
रंग ठीक आहेत, घाई नडतेय. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोनेसारखे क्षणाचा प्रकाश टिपणारे चित्रकार, म्हटलं की सगळं जागेवर, एका दमात काढलेलं असं आपण धरून चालतो. हे तसं नाही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १८६४ मध्ये केलेल्या लहान अभ्यासावरून मोनेनं ते पॅरिसच्या स्टुडिओत मोठं केलं, १८६५ च्या सलोंसाठी, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनासाठी.

मूळ चित्र ९०.२ × १५०.५ सेंमी. म्हणजे ६० रुंदीला उंची ३६. उरलेले ४ सेंमी टेपनं झाका, नाहीतर आकाश उगाच ताणलं जातं.

पहिला थर टर्पेंटाइननं पातळ: आकाश, डोंगरकडा, पाणी, खडी यांचे फक्त मोठे टोन (गडद-फिके भाग). तीन-चार दिवस वाळू द्या. पावसाळ्यात कोकणात आठवडाही लागतो. बोटाला रंग लागेनासा झाला की दुसरा थर, त्यात किंचित जवसाचं तेल. घोडे आणि लाकडी बंधारे अगदी शेवटी.

सपाट_ब्रश:
भर घालतो. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून करडा तयारच होतो, त्यात ऑकर पडला की चिखल. पॅलेटवर चाकूनं दोन वेगळे ढीग करा: आकाशाला निळ्याकडे झुकणारा, खडीला तपकिरीकडे. ब्रशही वेगळे. टायटॅनियम जोरकस असतो, चिमूटभरानंच सगळं खडूसारखं पांढुरकं होतं.

ओलेपणा दाखवायला सगळी खडी करडी करायची नसते. वाळलेल्या तपकिरीवर आकाशाचाच रंग, आडवा, एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवलात की चमक गेली. आणि काळ्याला घाबरू नका, तेव्हाचा मोने बिनधास्त वापरायचा.

जवसतेल:
एका बैठकीचाच हट्ट असेल तर त्याचं १८७० चं ‘त्रूव्हिलचा किनारा’ घ्या. जेमतेम ३८ × ४६.५ सेंमी. रंगात वाळूचे कण अडकलेत, म्हणजे निदान काही काम तरी किनाऱ्यावर बसूनच झालंय.

कोरा_कॅनव्हास:
टायटॅनियमऐवजी खालच्या थराला झिंक व्हाइट चालेल?

सपाट_ब्रश:
नको. झिंक वाळल्यावर ठिसूळ होतो, पुढे वरच्या थराला भेगा जातात. टायटॅनियमच ठेवा, कमी घ्या.