१२ वर्षांत १९ पेपर, कमी आहेत का?

अर्धवट_सिनॅप्स: पीएचडीसाठी एक लॅब मनात भरलीये, सिनॅप्सवर (मेंदूतल्या पेशींमधल्या जोडांवर) काम करतात, सेल्युलर-मॉलिक्युलर. पण मॅडमची पब्लिकेशन लिस्ट बघितली आणि गोंधळलो, १२ वर्षांत १९ पेपर, मध्ये दोन वर्षं तर काहीच नाही, आणि माझा जिनोमिक्सवाला (जीन्सचा डेटा अभ्यासणारा) मित्र म्हणतो आमच्या सरांचे वर्षाला दहा येतात. एच-इंडेक्सही (पेपर किती आणि त्यांना सायटेशन्स, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ किती, यावरून काढलेला आकडा) बेताचाच. जाऊ की नको?

पॅच_पिपेट: अरे जिनोमिक्सशी तुलनाच नको करूस. पॅच क्लॅम्पला, म्हणजे काचेच्या बारीक नळीने एकेका पेशीतली वीज मोजायला, बसलायस का कधी? एकेक पेशी पकडायची, नळीचं पेशीला सील लागता लागत नाही, दिवसभरात तीन-चार चांगल्या मिळाल्या तरी माणूस खूश. त्यात नॉकआउट (एखादं जीन बंद केलेले) उंदीर असले की ब्रीडिंगमध्येच वर्ष जातं, आणि एवढं करून पाठवलं की रिव्ह्यूअर म्हणणार अजून एक कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) लावा. आकडा सोड, नावांचा क्रम बघ. आपल्याकडे पहिलं नाव प्रत्यक्ष राबणाऱ्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. १९ पैकी कितीत मॅडम शेवटी आहेत ते मोज.

जुना_खोडरबर: +१. ब्लिस आणि लोमोचा एलटीपीवरचा (सिनॅप्स दीर्घकाळ जास्त ताकदवान होण्यावरचा) पेपर १९७३ चा, प्रयोग मात्र १९६८-६९ चे. आजच्या हिशोबाने तीही गॅपच की! आणि एच-इंडेक्सचं काय घेऊन बसलास, २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेला तो आकडा, त्यात गर्दीतल्या सतराव्या नावालाही पहिल्याएवढेच मार्क.

शांत_वाचक: पबपीअरवर, म्हणजे छापलेल्या पेपरमधल्या चुका लोक जिथे मांडतात त्या साइटवर, पण मॅडमचं नाव टाकून बघ. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं ओळखायच्या चाचणीच्या फोटोतली) तीच पट्टी दोन ठिकाणी वापरली असेल तर तिथे लोक बरोबर पकडतात. अल्झायमरवरचा २००६ चा नेचरमधला तो गाजलेला पेपर, एवढी सायटेशन्स असूनही २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. नुसती एखादी करेक्शन दिसली तर घाबरू नकोस हां, स्वतःहून चूक सुधारणारे मला तरी जास्त भरवशाचे वाटतात.

अर्धवट_सिनॅप्स: मोजलं. ११ मध्ये शेवटी, आणि त्या अकरात पहिली नावं आठ वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची. पबपीअरवर काही नाही. गॅपनंतरचा पेपर उघडला तर सप्लिमेंटमध्येच २० आकृत्या निघाल्या 😅 त्यातल्या पहिल्या नावाच्या ताईंना मेल टाकलाय, ती दोन वर्षं नक्की काय चाललं होतं असं विचारायला जरा कसंतरी वाटलं पण विचारलं.

पॅच_पिपेट: उत्तर आलं की इथे टाक. उंदरांवर माझी पैज.